दुसऱ्याच्या गावात वाजवलेली तात

२०१९ साल. मी सत्तर वर्षांचा होतो. दात निम्मे गेले होते, हट्ट मात्र सगळा शाबूत होता.

यंदा दिवाळी सरली आणि थंडीने पुन्हा तोंड दाखवलं, तसा तो हिवाळा आठवला. निफाडकडे द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. इकडे शहरात लोक माळ्यावरून रजया काढतात आणि गच्चीवर टाकतात. वर्षभर दडपून पडलेल्या रजईला ऊन लागलं की एक वास सुटतो. डांबरगोळीचा, जुन्या कापसाचा, कोणाच्या तरी गेल्या वर्षीच्या तापाचा. हा वास नाकात गेला की माझे हात आपोआप उचलले जातात. आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हेच आमचं पिढ्यांचं काम. माझा मुलगा आता फोमच्या गाद्या विकतो. विको. फोमला उन्हात टाकलं तर कसलाच वास येत नाही, एवढंच मी म्हणतो.

आमचं हत्यार म्हणजे माणसाच्या उंचीची लाकडी कमान. तिला बकऱ्याच्या आतड्याची तात ओढून बांधलेली. कमान आढ्याला टांगायची, तात कापसात बुडवायची आणि लाकडी मुठियाने तिच्यावर ठोका द्यायचा. तुंग, तुंग, तुंग. गठ्ठ्यातला कापूस फुलतो, उडतो, भुवयांवर येऊन बसतो. माझा बाप तिशीतच पांढऱ्या भुवयांचा दिसायचा. संध्याकाळी तोंड धुतलं की पुन्हा जवान.

त्या हिवाळ्यात माझी नात नाजनीन, आमची नाजू, नाटक लिहीत होती. बावीस वर्षांची पोरगी. कॉलेजातून आली की पायरीवर बसून मला विचारायची, “दादा, तुम्ही नाशिकला आलात तेव्हा अंगात काय होतं? काय खाल्लं? पहिल्या रात्री कुठे झोपलात?” मला वाटायचं, पोरीला आजोबाचं कौतुक आहे. महिन्याभराने कळलं, सगळं नाटकात चाललंय. सातपूरला कारखान्यांच्या मागे एक हॉल आहे, तिथे शुभदाताई म्हणून एक बाई नाटक बसवत होत्या. बाहेरून नाशिकला आलेल्या घरांतली पोरं आणि त्यांची म्हातारी माणसं, सगळ्यांचं मिळून एक नाटक. कोणी बिहारचं, कोणी केरळचं, कोणी मराठवाड्यातलं. लिहिणारी आमची नाजू.

“तुम्ही फक्त कोपऱ्यात बसून कापूस पिंजायचा,” ती म्हणाली. “बोलायचं काहीच नाही.”

“सत्तर वर्षांत मी न बोलता कधी बसलोय?”

“म्हणून तर ताईंना सांगितलं, तात जोरात वाजू द्या.”

गेलो. माळ्यावरची कमान काढली, तेल दिलं, नवी तात चढवली. हॉलच्या दाराशी कागद चिकटवलेला होता. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण सावकाश वाचलं की सगळं वाचता येतं. ‘स्थलांतरितांचं नाटक’ असं लिहिलेलं. मी कमान खांद्यावरून उतरवलीच नाही.

“ताई, हे कोणाला उद्देशून?”

“आपल्या सगळ्यांना, काका.”

“मला सोडून. मी सटाण्याकडचा. माझा आजा-पणजा बागलाणच्या मातीत पुरलेला आहे.”

“पण तुम्ही गाव सोडलंत ना?”

“गाव सोडलं. जिल्हा सोडला नाही.”

पोरं हसली. भिंतीला टेकून एक माणूस बसला होता, साठीचा, नखांत रंग गेलेला. रामाशीष, घरं रंगवणारा, बिहारचा. हसू न आणता तो म्हणाला, “चाचा, हमने भी देश नहीं छोड़ा.”

हट्टी माणसाला उत्तर सुचलं नाही की तो काम करायला लागतो. मी कमान उतरवली, छताच्या हुकाला टांगली आणि पिंजायला बसलो. पाच मिनिटांत हॉलभर कापूस. केरळी नर्सबाई शिंकायला लागल्या, दिवेवाला ओरडला, “ओ काका, सगळा धूर झालाय!” ताईंनी विचारलं, कापसाशिवाय वाजवता येणार नाही का? मी म्हटलं, तव्यावर भाकरी नसताना चूल पेटवून ठेवता का तुम्ही? मग ठरलं, कापूस असेल, पण मूठभर.

त्या तालमी मला अजून दिसतात. दुपारी चारचं तिरपं ऊन पत्र्याच्या फटीतून यायचं आणि त्यात कापसाचे तंतू तरंगायचे. बाहेर शिफ्ट सुटल्याचा भोंगा. आत एकाच वेळी चार बोल्या. तरुणपणीचा मी, कासम, झाला होता रामाशीषचा धाकटा मुलगा. माझा मोठा भाऊ उस्मान झाला होता नर्सबाईंचा मुलगा जोसेफ, आणि त्याचं मराठी माझ्या सुनेपेक्षा चांगलं. पिंजाऱ्याच्या घरात बिहारी कासम आणि केरळी उस्मान. आमच्या घरच्या दोन भावांना एक राज्य पुरलं नाही.

माझा सीन शेवटचा होता. कासम गाव सोडून निघतो. उस्मान त्याला वेशीपर्यंत पोचवायला येतो. गळ्यात पडून रडतो. मग आपल्या कमानीची तात सोडून धाकट्याच्या हातात देतो आणि म्हणतो, “जिथे वाजवशील तिथे मला ऐकू येईल.” एवढ्यावर दिवे जायचे. पहिल्यांदा हा सीन झाला तेव्हा रामाशीष डोळे पुसत माझ्याजवळ आला. “ऐसा भाई नसीबवालों को मिलता है, चाचा.”

मी मान हलवली. नाजूला हे मीच सांगितलं होतं. ती सात-आठ वर्षांची असल्यापासून सांगत आलो होतो, तिच्या बापालाही तेच सांगून वाढवलं. पन्नास-पंचावन्न वर्षं सांगितलं की गोष्टीलाही गुळगुळीतपणा येतो. मलाच कधी कधी वेशीवरचं ते चिंचेचं झाड दिसायचं. आमच्या वेशीला चिंच कधीच नव्हती.

एके दिवशी तालमीला जाताना रिक्षात नाजू म्हणाली, “दादा, एक सरप्राइज आहे. बडेदादांचा नातू सोहेल मला फोनवर सापडला. मी सगळ्यांना नाटकाला बोलावलंय. बडेदादाही येतो म्हणालेत.”

बडेदादा म्हणजे उस्मान. माझा भाई. सटाण्याच्या पुढे आमच्याच गावात, आमच्याच घरात राहणारा.

“कोणाला विचारून बोलावलंस?” माझा आवाज इतका चढला की रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

“अहो, त्यांच्याबद्दलच तर आहे ते! त्यांनी तुम्हाला तात दिली, ते लोकांना कळायला नको?”

त्या दिवशी माझे ठोके चुकायला लागले. ताई दोनदा म्हणाल्या, काका, लय बिघडतेय. लय कसली बिघडतेय, माझा श्वास बिघडला होता. माझ्यासमोर जोसेफ रडत होता आणि मला दिसत होतं, तिसऱ्या रांगेत माझा खरा भाऊ बसलाय, आणि त्याच्यासमोर त्याचं असं रडणं चाललंय, जे तो कधी रडलाच नाही.

खरं काय झालं ते आता लिहितो.

आमच्यात गावं वाटलेली असायची. बापाची जितकी गावं, तितकी मुलांत वाटून द्यायची. आपल्या गावात फक्त आपण पिंजायचं. पिंजारी गावात आला की हाळी देत नाही, नुसती तात छेडतो, आणि बायका गाद्या बाहेर काढतात. म्हणून दुसऱ्याच्या गावातून जायचं असलं तर तातेला फडकं गुंडाळायचं. वाऱ्याने सुद्धा ती वाजता कामा नये. सख्खा भाऊ असला तरी. बापाने आम्हाला गावं वाटली तेव्हा मी पंधरा वर्षांचा. नदीकाठची, बागायतीची गावं भाईला गेली, डोंगराकडची मला. डोंगरातला माणूस कांबळ्यात झोपतो, त्याची गादी असते कुठे पिंजायला?

दोन महिने मी डोंगर चढलो आणि उतरलो. मग एका सकाळी भाईच्या गावातून घरी येत होतो. तातेला फडकं होतं. एका दारात लग्नाचा मांडव पडत होता, ओसरीवर गाद्यांचा ढीग. मी उभा राहिलो. आणि फडकं काढलं.

एकदाच छेडली. तुंग. घरातली म्हातारी बाहेर आली, म्हणाली, “अरे वा, पिंजारी आला.” तीन दिवस मी त्या ओसरीवर पिंजत होतो. गूळपोळी खाल्ली. इतका कापूस मी आयुष्यात फुलवला नव्हता. तिसऱ्या दिवशी मान वर केली तर अंगणात भाई उभा. खांद्यावर त्याची कमान, आणि तिच्या तातेला फडकं गुंडाळलेलं. स्वतःच्या गावात त्याने तात झाकली होती, कारण आत दुसरी वाजत होती.

घरी आल्यावर त्याने विळा घेतला आणि माझी तात मधोमध कापली. आई मध्ये पडली, तिच्या हाताला लागलं. तात कापणं म्हणजे आमच्यात घरातून पाणी तोडणं, नातं संपवणं. दुसऱ्या दिवशी तात नसलेली कमान घेऊन मी एस.टी.त बसलो. वेशीपर्यंत कोणी आलं नाही.

पुढे आई गेली तेव्हा मी गेलो होतो. जनाज्याला दोन बाजूंनी आम्ही दोघांनी खांदा दिला. बोललो नाही. मी वाट पाहिली, आधी तो बोलेल. तोही माझाच भाऊ, त्यानेही तेच केलं असणार.

प्रयोगाला दोन दिवस होते. हॉलच्या बाहेर चहाची टपरी आहे, तिथल्या बाकड्यावर मी नाजूला हे सगळं सांगितलं. चहा तसाच गार झाला, वर साय धरली.

“मग रडलं कोण, दादा?”

“कोणी नाही.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्याखाली काहीतरी चमकलं. “दादा, हाच तर खरा सीन आहे!”

मी ग्लास आपटला. “ही माझी लाज आहे. तुझा सीन नाही.”

तिचं चुकलं हे तिला कळलं, आणि माझं चुकलं हे मला पंधराव्या वर्षापासून कळत होतं. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, “बरं. मग खोटा सीन करू? बडेदादा समोर बसलेले असताना?”

“काढूनच टाक.”

“तो काढला तर नाटकात तुम्ही कशाला आहात? बाकी सगळ्यांनी आपापलं खरं सांगितलंय. रामाशीषकाकांनी त्यांच्या बहिणीचं सांगितलं, तुम्ही होतात ना तेव्हा? त्यांनी तर तुमच्यापेक्षा मोठं सांगितलं.”

खरं होतं. रामाशीष सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला होता, की बहिणीच्या लग्नाला यायला सुट्टी नाही असं त्याने खोटंच कळवलं, कारण नवे कपडे नव्हते. त्या दिवशी मी त्याला बिडी दिली होती. म्हणजे दुसऱ्याची लाज मला चालली होती.

“तुम्ही सांगाल तसं,” नाजू म्हणाली. “ताईंना मी सांभाळते.”

मी काही सांगितलं नाही. दोन दिवस नाही.

नाशिकला आलो त्या पहिल्या दिवसाची एक गोष्ट मात्र मी नाजूला कधी खोटी सांगितली नव्हती. भद्रकालीत नवी तात चढवली, एका गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो, आणि हात उचलेना. कोणाचं गाव आहे हे? कोणाला विचारायचं? एका भजीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, “येडा आहेस का, गल्ली कोणाची असते?” मी तात छेडली. दोन खिडक्या उघडल्या. एवढा आनंद आणि एवढी भीती मला एकदम कधी वाटली नव्हती. कोणाचं काही नाही, म्हणजे कुठेही वाजव. आणि कोणाचं काही नाही, म्हणजे वाजवलंस तरी कोणी कापायला येणार नाही, ओळखायलाही येणार नाही. माणसं शहरात का येतात असं नाटकात सगळे विचारत होते. पोटासाठी येतात हे तर आहेच. काही जण यासाठीही येत असतील.

प्रयोग रविवारी दुपारी होता. हॉल भरला. मी कोपऱ्यात, हुकाला कमान, समोर मूठभर कापूस. तिसऱ्या रांगेत एक तरुण पोरगा एकटाच बसला होता. कपाळ अगदी भाईचं. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी, आणि हातात फोन वर धरलेला.

नर्सबाईंचं झालं, रामाशीषचं झालं, मराठवाड्याच्या पाण्याचं झालं. मग माझा सीन. कासम पिशवी घेऊन निघाला. जोसेफ मागून धावत आला, गळ्यात पडायला हात पसरले. मी ठोके देत होतो. आणि माझा हात थांबला.

आवाज बंद झाला तसे दोघे पोरगे जागच्या जागी उभे राहिले. नाजू विंगेत होती, ती मला दिसत होती. तिने मान हलवली नाही, ना होकाराची, ना नकाराची.

“थांब पोरा,” मी जोसेफला म्हटलं. “तू आलाच नव्हतास. मागे जा.”

तो खरंच मागे गेला. शहाणा पोरगा. मग मी बसल्या जागेवरून सांगितलं. फडकं कसं काढलं, एकदाच कशी छेडली, गूळपोळी किती खाल्ली, भाईने विळ्याने काय केलं. पाच मिनिटं लागली असतील. शेवटी म्हटलं, चूक माझी होती. दिवेवाल्याने दिवे घालवले. त्याला कोणी सांगितलंही नव्हतं.

टाळ्या वाजल्या. लय वाजल्या. मला त्या आवडल्या नाहीत. चोरी कबूल केल्यावर टाळ्या कशाला? पण रामाशीष विंगेत आला, त्याने नुसती बिडी पुढे केली. मी घेतली. दारावरच्या त्या कागदाकडे जाताना पाहिलं, तो तसाच होता. या वेळी मी काही म्हटलं नाही.

सोहेल बाहेर उभा होता. वाकून सलाम केला. “दादांचे गुडघे धरलेत, म्हणून नाय आले. पण मी सगळं रेकॉर्ड केलंय, घरी गेलो की दाखवतो.” मला वाटलं, संध्याकाळपर्यंत फोन येईल. आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एस.टी.ने सटाण्याला गेलो, तिथून जीपने गावात. कोणाला सांगितलं नव्हतं. नाजू पायरीवर शाल घेऊन उभी होती, ती मात्र मागे लागून आली.

भाई दारात उन्हाला बसला होता. खाली फोमची गादी. पिंजाऱ्याच्या घरात फोम! मी जवळ गेलो. त्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

“कोन? कासम का?”

“हा.”

“म्हतारा व्हई गया तू.”

मी त्याच्यासमोर ओट्यावर बसलो. तो आमच्या अहिराणीत म्हणाला, “पोऱ्यानी काल फोनमा दखाडं. तुनं तोंड हालतांना दखायनं. काय बोली राहिंता तू तठे?”

मी मागे उभ्या असलेल्या सोहेलकडे पाहिलं. सोहेल खाली पाहत म्हणाला, “त्यांना ऐकू येत नाय. सहा वर्षं झाली. मशीन लावत नाय, हट्टी आहेत.”

समोर नळावर बायका होत्या. किराणा दुकानात चार माणसं. शाळेची पोरं दप्तर घेऊन उभी राहिली, शहरातून कोण आलंय ते बघायला. हॉलमध्ये अंधार होता, तिथे कोणाचं तोंड दिसत नव्हतं. इथे लख्ख ऊन, आणि प्रत्येक तोंड ओळखीच्या घरातलं. मी वाकून भाईच्या कानाशी हळू आवाजात सांगितलं.

“काय? जोरमा बोल.”

थोडं मोठ्याने सांगितलं. बऱ्याच वर्षांनी अहिराणी तोंडात आली होती, जीभ अडखळली. त्याने हात कानामागे धरला आणि मान हलवली. नाही.

मग मी उठून उभा राहिलो. छाती भरून घेतली आणि ओरडलो, “भाई! तुना गावमा मी तात वाजाडी! चूक मनी व्हती!”

नळावर कळशी ठेवल्याचा आवाज झाला. दुकानातला माणूस बाहेर आला. नाजूने शाल तोंडावर धरली. भाई माझ्याकडे बघत राहिला. त्याला ऐकू गेलं होतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसलं.

तरी तो म्हणाला, “परत बोल.”

मी परत बोललो.